घरून रेडिओचं काम करताना सुचायचं कुठून?

कानवेल्हाळ

सगळ्यांना नमस्कार. इथे रेडिओसाठी लिहिणारे, बोलणारे, एडिट करणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून थेट विषयालाच हात घालते. मी श्रुतिका आणि फीचर करते, लिहिणं माझं, दिग्दर्शन माझं आणि एडिटिंगही बहुतेकदा माझंच. गेला बराच काळ जवळजवळ सगळं घरून चालतं, स्टेशनला जाणं फक्त मोठ्या रेकॉर्डिंगपुरतं. काम वेळेत जातं, आवाजाचा दर्जाही बरा असतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

अडतंय ते सुचण्यापाशी. विषय सुचत नाहीत असं नाही, विषयांची यादी लांबलचक आहे. पण पूर्वी एखादा विषय डोक्यात यायचा तो आवाज घेऊनच यायचा, कोणीतरी जिना चढतंय, दाराची कडी वाजतेय, कोणीतरी वाक्य अर्धं टाकून गप्प बसलंय, आणि त्याच्या मागे जात जात गोष्ट सापडायची. आता विषय येतो तो मुद्द्यांच्या रूपात. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तज्ज्ञांची मुलाखत, समारोप. वाचायला सगळं व्यवस्थित, पण डोळे मिटून ऐकलं की त्यात हवाच नाही.

विचार करताना एक गोष्ट लक्षात आली ती सांगते, पटते का बघा. स्टेशनला असताना दिवसभर कानावर काय काय पडायचं. शेजारच्या खोलीत कोणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा मागे घेऊन कापतंय, कॉरिडॉरमध्ये दोन निवेदक एका उच्चारावरून वाद घालतायत, कोणीतरी दार उघडं टाकून जुनं रेकॉर्डिंग ऐकतंय. त्यातलं काहीच माझ्या कामाचं नसायचं आणि तरी मला मिळायचं ते त्यातूनच. घरी जे येतं ते सगळं डोळ्यांतून येतं. मेल, मेसेज, शेअर केलेली फाईल, अगदी एडिट करतानाही वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा स्क्रीनवर दिसणारा आलेख, बघून कापलं जातं. काम कानाचं आणि दिवसभरात कानाला मिळत काहीच नाही.

तर घरून काम करणाऱ्यांनो, तुम्ही हे कसं सांभाळता? 'फिरायला जा, पुस्तकं वाचा' याच्या पुढचं काहीतरी हवंय, खास रेडिओवाल्यांच्या उपयोगाचं.

खरखर

धागा अगदी वेळेवर काढलात. वेव्हफॉर्म बघून कापण्याबद्दल तर पूर्ण अनुमोदन, मी आता एडिट करताना कापायच्या जागेपाशी आलो की मान वळवतो आणि फक्त कानाने ठरवतो. श्वास कुठे संपतो ते दिसतं त्यापेक्षा वेगळ्या जागी ऐकू येतं.

मुख्य प्रश्नाबद्दल. आवाज घेऊन विषय यायचा असं तुम्ही लिहिलंय ना, तेच खरं मर्म आहे आणि ते फक्त तुमच्यापुरतं नाही. १९५६ मध्ये बीबीसीने नाटककार सॅम्युएल बेकेटला रेडिओसाठी काही लिहाल का असं विचारलं, तेव्हा त्याने एका मैत्रिणीला पत्रातून कळवलं होतं की मध्यरात्री एक कल्पना आलीये, आणि ती कल्पना म्हणजे काय, तर गाडीची चाकं, फरफटत जाणारी पावलं आणि धापा. कथानक नाही, संदेश नाही. त्यातून जानेवारी १९५७ मध्ये प्रसारित झालेलं नाटक उभं राहिलं, एक थकलेली बाई रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जाते आणि नवऱ्याला घेऊन परत येते, बस इतकंच घडतं, पण ती वाट तुम्ही कानांनी चालता. त्यातले प्राण्यांचे आवाज माणसांनी काढलेत आणि मग त्यांच्यावर तांत्रिक संस्कार केलेत, या अशाच प्रयोगांच्या ओघात १९५८ मध्ये बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवनवे आवाज घडवणारा विभाग, सुरू झालं. म्हणजे एका लेखकाला रात्री धापा ऐकू आल्या आणि त्याचा धागा अख्ख्या एका विभागापर्यंत पोचला, मला हे फार भारी वाटतं.

त्याहून जुनं उदाहरण जानेवारी १९२४ चं. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून जे ओळखलं जातं ते कोळशाच्या खाणीत घडतं. अपघात होऊन दिवे गेलेत, पात्रांनाच काही दिसत नाहीये. श्रोत्याला दिसत नाही ही अडचण लेखकाने लपवली नाही, तिलाच गोष्ट केलं.

यावरून मी एक सवय लावून घेतलीये. नवीन स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर शब्द लिहायचे नाहीत, फक्त आवाज. कुठून येतोय, किती लांब आहे, थांबतो का, थांबला तर मागे काय उरतं. ते पान भरल्याशिवाय संवादाला हात लावायचा नाही. कधी कधी ते पान भरतच नाही, मग मी समजतो की हा विषय लेखाचा आहे, रेडिओचा नाही, आणि तो सोडून देतो.

रोजचा_शो

मी श्रुतिकावाली नाही, आरजे आहे त्यामुळे माझी गरज थोडी वेगळी आहे. मला वर्षातून चार मोठ्या कल्पना नकोत, मला रोज पाहिजे आणि छोटी पाहिजे. लिंक, म्हणजे दोन गाण्यांच्या मधलं बोलणं, घरून रेकॉर्ड करून पाठवते, शो तिकडे लागतो.

घरून लिंक करताना सगळ्यात आधी जातो तो वेग. स्टुडिओत गाणं कानात संपत असतं आणि तुम्ही त्या शेवटच्या सुरावरून उडी मारून बोलायला लागता, घरी काय होतं की गाणं नसतंच, यादीत फक्त नाव असतं, आणि मग सगळ्या लिंक एकाच पट्टीत एकाच चालीत होतात. मी आता गाण्याचा शेवटचा अर्धा मिनिट आणि पुढच्या गाण्याची सुरुवात लावूनच लिंक रेकॉर्ड करते, उभं राहून, हात मोकळे ठेवून. आणि शपथेवर सांगते, काय बोलायचं तेही त्यातूनच बदलतं. स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं वाक्य त्या सुरानंतर खोटं वाटतं आणि तिथल्या तिथे दुसरं येतं.

दुसरं म्हणजे श्रोत्यांच्या व्हॉइस नोट. सगळे स्टेशनवाले त्यातला 'मजकूर' बघतात, फर्माईश काय, नाव काय, निरोप काय. मी मागचं ऐकते. एकजण बोलत असतो आणि मागे यंत्राची एकसारखी धडधड, म्हणजे हा शिफ्टमध्ये आहे आणि सुपरवायझर जवळ नाहीये. एक बाई अगदी दबक्या आवाजात बोलतेय, मागे कोणाचा तरी झोपेतला श्वास, म्हणजे नुकतंच बाळ झोपलंय. तिची फर्माईश कुठली होती ते मी आता सांगू शकणार नाही पण त्या दबक्या आवाजावरून मी पूर्ण आठवडाभर 'हळू आवाजात करायची कामं' असा सेगमेंट केला आणि लोकांनी स्वतःहून कुजबुजत नोट पाठवल्या. माझ्या घरात बसून मला जे सुचलं नसतं ते त्यांच्या घरातून आलं.

तेव्हापासून मी प्रश्नच बदललाय. 'तुमचं मत कळवा' असं विचारत नाही, 'आत्ता तुमच्या खिडकीबाहेर काय ऐकू येतंय ते दहा सेकंद पाठवा, बोलू नका' असं विचारते. मतं सगळ्यांची सारखी येतात. खिडक्या सारख्या येत नाहीत.

अर्धविराम

वरचे प्रतिसाद आवडले पण मला वाटतं आवाज हे अर्धंच कारण आहे. दुसरं अर्धं म्हणजे माणसं. कानवेल्हाळ, तुम्ही जे कॉरिडॉरचं लिहिलंय त्यात आवाजापेक्षा माणसं जास्त आहेत.

२०२२ मध्ये नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. दोन-दोन जणांच्या जोड्या, काही समोरासमोर बसलेल्या, काही व्हिडिओ कॉलवर, आणि काम एकच, एखाद्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवायचे. व्हिडिओवाल्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. कारण त्यांनी जे दिलंय ते मला फार पटलं, की स्क्रीनवर नजर एका चौकोनात अडकते आणि नजरेबरोबर विचारही आवळला जातो, खोलीत बसलेला माणूस इकडेतिकडे बघतो आणि बघता बघता भटकतो. पण सुचलेल्या कल्पनांतून चांगली निवडायची वेळ आली तेव्हा व्हिडिओवाले कुठेही कमी पडले नाहीत.

यावरून आमच्या छोट्या टीमने सरळ वाटणी केली. नवीन सुचवायचं असेल तर व्हिडिओ बंद, साधा फोन, दोघंच, आणि दोघांनीही चालत बोलायचं. निवड करायची असेल, वेळापत्रक लावायचं असेल तर व्हिडिओ, स्क्रीन शेअर, सगळे. अभ्यासात फोनचा भाग नव्हता, ही आमची आमची जोड आहे, पण रेडिओवाल्यांना ती अगदी फिट बसते कारण फोनवर समोरच्याचा फक्त आवाज असतो आणि आपलं माध्यमही तेच आहे. फोनवर गोष्ट सांगताना जिथे समोरून 'हं' येणं थांबतं तिथे स्क्रिप्ट पडलेली असते. हे व्हिडिओवर कळत नाही, तिथे लोक मान हलवत राहतात.

चालण्याबद्दलही स्टॅनफर्डचा २०१४ चा प्रयोग आहे, चालताना लोकांना बसल्यापेक्षा जास्त आणि नवीन कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालले तरीसुद्धा. पण ज्या प्रश्नाला एकच अचूक उत्तर असतं तिथे चालण्याचा फायदा दिसला नाही. म्हणून शीर्षक, शेवट, नेमका शब्द हे चालताना शोधू नका, त्याला बसावंच लागतं.

कानवेल्हाळ

अर्धविराम, 'हं' थांबतं तिथे स्क्रिप्ट पडते, हे वाचून मी खुर्चीतून उठले. खरंच आहे. आणि रोजचा_शो, खिडकीचा सेगमेंट काय सुंदर आहे हो!

एक शंका. टीमबरोबर कॉलवर बोलताना मला अजून एक त्रास होतो तो म्हणजे लोक एकमेकांच्या बोलण्यात शिरतच नाहीत. पूर्वी एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करायचा, त्यावर तिसरा हसायचा आणि त्या गोंधळात काहीतरी निघायचं. आता एकजण बोलतो, मग शांतता, मग दुसरा. सभा चालल्यासारखं. हे फक्त आम्ही बुजतो म्हणून की तांत्रिक काही आहे?

फेडर

तांत्रिकच आहे, तुमच्या बुजण्याचा संबंध कमी. साऊंड इंजिनिअर म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

एक, उशीर. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचायला साधारण १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागायला लागला की संभाषणाची लय बिघडायला लागते, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारसही याच आकड्याच्या आसपास आहे. तुम्ही बरोबर वेळेवर हसता पण समोर ते उशिरा पोचतं, तोवर तो पुढच्या वाक्यावर गेलेला असतो, मग त्याला वाटतं तुम्ही मध्ये बोलताय. दोन-चार वेळा असं झालं की माणसं आपोआप शिस्तीत येतात. दोन, मीटिंगची अॅप्स गोंगाट कमी करायला बसवलेली असतात, त्यांच्या लेखी गोंगाट म्हणजे बोलण्याव्यतिरिक्त सगळं. हसू अर्धं कापतात, उसासा कापतात, दोघं एकत्र बोलले तर एकाला दाबतात. आपल्या कामाचा कच्चा मालच नेमका तो आहे.

म्हणून मुलाखत असो की सुचवासुचवीची बैठक, आम्ही प्रत्येकाला आपापल्या बाजूला वेगळं रेकॉर्ड करायला लावतो आणि नंतर जोडतो. सुरुवातीला सगळ्यांनी एक टाळी वाजवायची म्हणजे जुळवायला खूण मिळते. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन मशीनची घड्याळं थोडी मागेपुढे सरकतात, त्यामुळे शेवटीही एक टाळी घ्यावी. आणि संपल्यावर लगेच फोन ठेवू नका, प्रत्येकाने आपल्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. ती एडिटला तर लागतेच, पण मी सांगतो, ती मिनिटभराची शांतता नुसती ऐकून बघा. पाच माणसांच्या पाच खोल्या एकामागून एक लावल्या तर पाच पात्रं तयार असतात.

आता घराबद्दल. घर म्हणजे वाईट स्टुडिओ अशी तक्रार सगळे करतात पण घरात जेवढे वेगवेगळे आवाजाचे आकार आहेत तेवढे स्टुडिओत कधीच नव्हते. कपड्यांचं कपाट एकदम कोरडं, बाथरूम टणक आणि घुमणारं, जिना लांबलचक शेपटीचा, पलंगाखाली दबलेलं. प्रत्येक जागी एक फुगा फोडून रेकॉर्ड करा, त्या रेकॉर्डिंगवरून एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या जागेचा घुमारा दुसऱ्या कुठल्याही आवाजाला चढवता येतो, कन्व्होल्युशन रिव्हर्ब म्हणतात ते.

त्याहूनही मोठी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, आणि खोलीत तेवढ्याच प्रमाणात खोलीचा स्वतःचा आवाज वर येतो. ओठाला चिकटून बोललं की मनातला विचार, हातभरावरून बोललं की समोरच्याशी गप्पा, दारातून बोललं की भांडण किंवा निरोप. एकच वाक्य 'मी निघते' या तिन्ही अंतरांवरून रेकॉर्ड करा, तीन वेगळ्या श्रुतिका आहेत त्यात. मी लेखकांना नेहमी सांगतो की स्क्रिप्टमध्ये भावना लिहू नका, अंतर लिहा, भावना नट आणतो.

खरखर

फेडर, हा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावणार आहे मी.

घरातल्या वस्तूंवरून आठवलं, डेलिया डर्बीशायर, त्याच रेडिओफोनिक वर्कशॉपमधली, तिची एक आवडती हिरवी धातूची लॅम्पशेड होती. ती वाजवून तिने त्या नादाचे तुकडे टेपवर घेतले, ताणले, मागेपुढे केले आणि १९६७ च्या एका संगीतरचनेत वापरले. त्याआधी १९४८ मध्ये फ्रान्सच्या रेडिओवर पिएर शेफेरने रेल्वेच्या आवाजांची रचना करून प्रसारित केली होती. हे सगळे लोक रेडिओचेच नोकर होते, हाताशी असलेल्या वस्तूकडे नव्याने कान दिला इतकंच.

ऐकत चालणं, ज्याला साऊंडवॉक म्हणतात, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॅनडात संगीतकार मरी शेफर (वरचा पिएर शेफेर वेगळा) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात जगातल्या ध्वनिपरिसरांवर काम सुरू केलं, त्यातलीच हिल्डेगार्ड वेस्टरकँप पुढे १९७८-७९ मध्ये व्हँकुव्हरच्या सहकारी रेडिओवर असे फेरफटकेच कार्यक्रम म्हणून करायची. शेफरने परिसर ऐकायची जी मांडणी केली ती लेखकाला फार उपयोगी आहे. सतत असतो आणि म्हणून ऐकूच येत नाही तो पायाभूत आवाज, लक्ष वेधायलाच असतो तो इशारा, भोंगा वगैरे, आणि त्या जागेची ओळख असलेला, तो गेला तर जागा बदलली असं वाटेल असा आवाज. मी रोज थोडा वेळ घराबाहेर हे तीन शोधतो, हेडफोन न लावता, रेकॉर्डर न घेता. रेकॉर्डर नेला की मी शिकारीला निघाल्यासारखा वागतो आणि चांगलं तेवढंच ऐकतो. परत आल्यावर आठवणीतून लिहायचं. जे आठवलं नाही ते बहुधा पायाभूत असतं आणि गंमत म्हणजे श्रुतिकेत मागे तेच लागतं.

सावकाश

थोडा वेगळा सूर लावतो. सगळे जण घरच्या एकटेपणावर इलाज शोधतायत, मला तो एकटेपणा रेडिओचा सख्खा वाटतो. ऐकणारा बहुतेकदा एकटाच असतो. गाडीत, कामावर, रात्री अंथरुणात. सात जणांच्या बैठकीत हशा मिळवणारी कल्पना त्या एकट्या माणसापर्यंत पोचेलच असं नाही. मी बरीच वर्षं स्टेशनात होतो, तिथे आम्ही एकमेकांसाठी कार्यक्रम करायचो आणि आम्हाला ते कळायचंही नाही.

ग्लेन गूल्डचं उदाहरण देतो. मोठा पियानोवादक, १९६४ मध्ये जाहीर मैफली करणं सोडलं आणि त्यानंतर कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी रेडिओचं काम केलं. १९६७ च्या शेवटी त्याचा उत्तर कॅनडावरचा तासाभराचा कार्यक्रम लागला, विषय एकांत. त्याने पाच जणांशी वेगवेगळं बोलून घेतलं, ती माणसं एका खोलीत कधी बसलीच नाहीत. पण कार्यक्रमात ती एकमेकांशी बोलतायत, एकावर एक आवाज चढतात, एक वर येतो, दुसरा खाली जातो, स्वरांचं गुंफण असावं तसं, आणि खाली जवळजवळ सतत रेल्वेचा आवाज. हे सगळं त्याने टेप कापून जोडून केलं. आज आपण वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या फाईली मिळाल्या म्हणून कुरकुरतो, त्याचं अख्खं शिल्प त्या वेगळेपणावर उभं आहे. समोरासमोर बसवलं असतं तर ती पाच माणसं शहाण्यासारखी आळीपाळीने बोलली असती.

म्हणून माझं म्हणणं, स्टेशनातला कॉरिडॉर घरात परत आणायचा प्रयत्न करू नका. दूर असलेल्या माणसांच्या फाईली हाच फॉर्म आहे असं समजून लिहा. पत्र, निरोप, चुकलेला कॉल, अर्धवट व्हॉइस नोट, दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या गावातून बघितलेला पाऊस. हे विषय आपल्याला आधी इतके जवळून कुठे मिळाले होते?

अर्धविराम

सावकाश, फाईली हाच फॉर्म, हे मान्य, मनापासून. पण बैठकीबद्दल नाही पटलं. बैठकीत हशा मिळवणं वेगळं आणि एखाद्या माणसाने 'हे मला खोटं वाटतंय' असं तोंडावर सांगणं वेगळं. घरी एकट्याने काम करताना हे दुसरं कोणी करत नाही, आणि ते नसलं की लिहिणारा स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडतो. गूल्डसुद्धा तांत्रिक सहकाऱ्यांबरोबर स्टुडिओत तासन्तास बसायचा, रात्री-अपरात्री फोनवर लोकांशी बोलायचा, तो काही सगळ्यांपासून तुटलेला नव्हता.

सावकाश

हे खरंय. एक विश्वासाचा कान हवाच. माझा विरोध सात कानांना आहे.

नवी_सदस्या

मी नुकतीच कम्युनिटी रेडिओसाठी घरून काम करायला लागलेय, अजून शिकतेय. वरचं सगळं वाचून खूप हुरूप आला. एक विचारू का, मला बाहेर जाऊन रेकॉर्ड करणं सध्या जमत नाही, घरात आजारी माणूस आहे. इंटरनेटवर तयार आवाज मिळतात त्यातून प्रेरणा घेतली तर ते कमअस्सल होतं का? आणि वापरायला परवानगी लागते का?

फेडर

अजिबात कमअस्सल नाही, आणि घरात आजारी माणूस असताना काम करताय याबद्दल आधी तुम्हाला सलाम.

बीबीसीने २०१८ मध्ये १६,००० हून अधिक ध्वनी ऑनलाइन ऐकायला खुले केले, पुढे त्यात भर पडली. वैयक्तिक, शैक्षणिक, संशोधनासाठी चालतात, व्यावसायिक वापराला वेगळा परवाना घ्यावा लागतो. फ्रीसाऊंड नावाचा संग्रह बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ मध्ये सुरू झाला, तिथे प्रत्येक आवाजाला वेगळा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे, म्हणजे कोणी कसं वापरायचं ते निर्मात्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही धंद्यासाठी चालत नाहीत, तेव्हा प्रत्येक फाईलखालचं वाचायचंच. रेडिओ अपोरी म्हणून जगाचा नकाशा आहे, कुठल्याही ठिपक्यावर टिचकी मारली की तिथला कोणीतरी रेकॉर्ड केलेला आवाज.

पण शोधायची पद्धत बदला. 'पाऊस' लिहून शोधलंत तर तुम्हाला तोच पाऊस मिळेल जो तुमच्या डोक्यात आधीच होता. नकाशावर डोळे मिटून बोट ठेवा, जे लागेल ते वर्णन न वाचता ऐका, आणि इथे कोण आहे, काय वाट बघतंय ते लिहा. मग वर्णन वाचा. तुमचं चुकलेलं असेल तर तेच ठेवा, प्रसारणात मात्र तो आवाज खऱ्या जागेचा म्हणून खपवायचा नाही.

आणि सगळ्यांनाच सांगतो, कान जपा. दिवसभर हेडफोन लावून मीटिंग, मग त्याच हेडफोनवर मिक्सिंग, हे घरून काम करणाऱ्यांचं फार व्हायला लागलंय. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. मीटिंग स्पीकरवर घ्या, हेडफोन मिक्ससाठी राखा. थकलेल्या कानाला काहीही सुचत नाही, त्याला सगळं ठीकच वाटतं.

रोजचा_शो

नवी_सदस्या, एक माझ्याकडूनही. घरात आजारी माणूस आहे म्हणजे तुम्ही दिवसभर खूप बारीक ऐकत असाल, श्वास, कूस बदलणं, हाक येण्याआधीची हालचाल. इतकं बारकाईने ऐकणारी माणसं स्टेशनवर कमी असतात. त्यांच्या परवानगीशिवाय काही रेकॉर्ड करू नका, पण त्यांना विचारून बघा, त्यांना पडल्या पडल्या दिवसभर काय ऐकू येतं आणि त्यावरून ते वेळ कशी ओळखतात. मला असा कार्यक्रम ऐकायला खूप आवडेल.

नवी_सदस्या

विचारलं. त्यांनी अर्धा तास सांगितलं. कोणाच्या चपला कुठल्या, लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली, शेजारची मुलगी आज शाळेतून रागावून आलीये की कसं. बहुतेक सगळं मला माहीतच नव्हतं, मी त्याच घरात राहते. परवानगी पण दिलीये. आता पहिलं पान आवाजांचं लिहायला घेते.

कानवेल्हाळ

नवी_सदस्या, हे झालं की इथेच कळवा, आम्ही सगळे ऐकणार.

माझ्यापुरतं दोन गोष्टी आजपासून. आवाजांचं पहिलं पान, आणि व्हिडिओऐवजी एका सहकाऱ्याला चालता चालता फोन, सावकाश म्हणतात तो विश्वासाचा एक कान. सावकाश यांचा मुद्दा मला अजून पूर्ण पचलेला नाही, कॉरिडॉरची ओढ जात नाही, पण दूर असणं हाच फॉर्म हे मनात घर करून बसलंय आणि अडकलेल्या एका स्क्रिप्टमधल्या दोन बहिणी आता समोरासमोर न येता फक्त एकमेकींच्या व्हॉइस नोटवर बोलणार आहेत. लहान बहीण नेहमी ओठाला माइक लावून, मोठी कायम दुसऱ्या खोलीतून ओरडत. फेडर, अंतर लिहिलंय, भावना लिहिली नाहीये!

आणि एक प्रस्ताव. ज्यांना हवंय त्यांनी आपापसात आवाजांची अदलाबदल करायची का? प्रत्येकाने आपल्या आसपासचा एक मिनिटाचा आवाज पाठवायचा, कुठला ते सांगायचं नाही, आणि ज्याला मिळेल त्याने त्यावरून श्रुतिकेचं एक पान लिहायचं.

खरखर

मी आहे.

रोजचा_शो

मी पण. लिंक लिहून पाठवली तर चालेल ना, पानभर मला जमायचं नाही.

सावकाश

मीही. माझा आवाज ज्या कोणाला जाईल त्याने पान लिहून झाल्यावर मला फोन करून वाचून दाखवावं, पाठवू नये.

फेडर

जुळवाजुळव मी करतो. वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, फोनवर रेकॉर्ड केलं तरी हरकत नाही फक्त गोंगाट कमी करणारं सेटिंग आधी बंद करा. लेव्हल जोरात ठेवू नका, सगळ्यात मोठा आवाज मीटरवर मायनस १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. एडिट करायचं नाही, सुरुवात-शेवट गुळगुळीत करायचा नाही, माणसं ओळखू येतील असं बोलणं असेल तर त्यांना विचारून मगच. फाईलच्या नावात जागेचा उल्लेख नको, नुसता आयडी आणि तारीख. रविवारपर्यंत येतील त्या सगळ्या सोमवारी वाटतो.